भर दुपारचं चांदणं : हातातल्या डिजिटल कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड फोटोग्राफीची सुरुवात

ऑक्टोबरातली दुपार, साडेबाराचा सुमार. गावाबाहेर तळ्याकाठी एक जुना वड आहे. अशा वेळी त्याचा फोटो काढायला सहसा कोणी थांबत नाही. ऊन थेट डोक्यावर, पानांवर चकाकी, आकाश पांढुरकं, सावल्या काळ्याकुट्ट. सकाळी लवकर या नाहीतर ऊन उतरल्यावर या, असंच कुणीही सांगेल. पण त्याच दुपारी लेन्सपुढे इन्फ्रारेड फिल्टर लावून काढलेला त्या वडाचा फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे. पानन् पान पांढरंशुभ्र, आकाश गडद, ढगांच्या कडा कोरून काढल्यासारख्या, पाणी काळंभोर आणि पारंब्या एकेक मोजता येतील इतक्या सुट्या. पाहणारे विचारतात, हा रात्री चांदण्यात काढलाय का?

असा फोटो काढायला नवा कॅमेरा लागत नाही. तुमच्याकडे आहे तो डीएसएलआर (आरशातून व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य दाखवणारा) किंवा मिररलेस (आरसा नसलेला, सेन्सरवरूनच स्क्रीनवर दाखवणारा), एक फिल्टर, एक ट्रायपॉड आणि थोडा धीर, एवढ्यावर सुरुवात होते. कॅमेऱ्यात कायमचा बदल करून घेण्याचा मार्गही आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. पण माझं मत ठाम आहे: त्यात पैसे घालण्याआधी निदान एक हंगाम साध्या कॅमेऱ्यावर काढा. प्रत्येक फोटोसाठी वीस सेकंद उभं राहावं लागतं, तेव्हाच कुठली वस्तू या प्रकाशात कशी येते ते अंगात मुरतं.

हा प्रकाश कोणता?

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्याच्या पलीकडचा जो प्रकाश दिसत नाही, तो इन्फ्रारेड; शाळेच्या पुस्तकातले अवरक्त किरण ते हेच. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पाडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पुढे तापमापी ठेवली आणि तिथे पारा चढलेला पाहिला, तेव्हा हे किरण प्रथम लक्षात आले. कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. म्हणजे आपल्या कामाचा पट्टा ७०० ते ११०० चा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हे उष्णतेचे फोटो नव्हेत. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ती टिपायला वेगळाच थर्मल कॅमेरा लागतो. आपण टिपतो तो सूर्याचाच प्रकाश, झाडापानांवरून परतलेला.

पानं पांढरी का येतात? हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, पण इन्फ्रारेड त्यातून आरपार जातो. पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांची सच्छिद्र रचना असते; तिच्यावर आपटून तो प्रकाश विखुरतो आणि बराचसा बाहेर फेकला जातो. ताज्या बर्फावर ऊन पडावं तसं पान उजळतं. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून या परिणामाला वुड इफेक्ट म्हणतात. आपल्या देशाच्या १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहावरही याच पट्ट्यात पाहणारा कॅमेरा होता, कारण जोमदार पीक आणि सुकलेलं पीक यांतला फरक इन्फ्रारेडमध्ये स्पष्ट कळतो. तुमच्या फोटोत रोगट फांदी करडी आणि निरोगी फांदी पांढरी दिसेल तेव्हा हे आठवेल.

आधी रिमोटची चाचणी

रंग खरे यावेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात. तिला हॉट मिरर म्हणतात. काही कॅमेऱ्यांत ती फार कडक असते, काहींत ढिली. तुमच्या कॅमेऱ्यात किती प्रकाश झिरपतो हे पैसे खर्च करण्याआधी तपासा.

खोलीत अंधार करा. टीव्हीचा किंवा एसीचा रिमोट कॅमेऱ्याकडे धरा, बटण दाबून ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, रिमोटच्या टोकाकडे पाहा. काही नव्या टीव्हींचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, म्हणून एसीचा रिमोट जास्त भरवशाचा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला की समजा तुमचा कॅमेरा कामाचा आहे. ठिपका दिसला नाही तर ट्रायपॉडवर दोन-चार सेकंदांचा फोटो काढून पाहा. रिमोटचे दिवे बहुतेक वेळा ९४० नॅनोमीटरचे असतात आणि तिथे सेन्सर तसाही क्षीण असतो. त्यामुळे अंधुक ठिपका दिसला तरी ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरवर काम होईल.

घरात जुना कॅमेरा पडून असेल तर तोही काढा. २००४ चा निकॉन डी७० इन्फ्रारेडसाठी आजही शोधला जातो, कारण त्याची अडवणारी काच सौम्य होती. २००६ च्या लायका एम८ मध्ये ती इतकी पातळ होती की काळे कृत्रिम धाग्याचे कपडे जांभळट यायचे आणि कंपनीला ग्राहकांना फिल्टर पुरवावे लागले. जो तेव्हा दोष होता तो आपल्या कामाला गुण आहे.

फिल्टर घेताना

सुरुवातीला ७२० नॅनोमीटरचाच घ्या. होयाचा आर७२ हा त्यातला जुना, नावाजलेला. ७२० च्या खालचा जवळपास सगळा प्रकाश तो अडवतो, पण तांबड्याची किंचित धग आत येऊ देतो. त्यामुळे फाइलमध्ये थोडा रंग उरतो आणि पुढे निळं आकाश, पांढरी पानं असा खेळ करता येतो. ८५० चा फिल्टर फक्त कृष्णधवल कामाचा. त्या पट्ट्यात सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे तिन्ही ठिपके सारखाच प्रकाश घेतात, म्हणून रंग उरत नाही. साध्या कॅमेऱ्यावर ८५० लावलात तर एक्सपोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, मिनिटांत जाईल. तो मोह आत्ता नको. ५९० आणि ६६५ चे सोनेरी पानांचे फिल्टर साध्या कॅमेऱ्यावर निरुपयोगी, कारण दिसणारा तांबडा प्रकाशच इन्फ्रारेडला झाकून टाकतो.

मी पहिला फिल्टर ऑनलाइन घेतला तो स्वस्तातला, वर ७२० छापलेला. चार रविवार वाया गेले. आकाश गडद होईना, पानं नुसती गुलाबी. शेवटी घरात दिव्यासमोर धरला तर त्यातून एलईडी दिवा लख्ख तांबडा दिसला! घरातला एलईडी दिवा इन्फ्रारेड जवळजवळ देतच नाही, त्यामुळे खऱ्या ७२० मधून तो जेमतेम, अगदी काळपट तांबडा दिसला पाहिजे. फिल्टर हातात आल्या आल्या ही चाचणी करा, परत करायची मुदत असेपर्यंत.

माप तुमच्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्सचं घ्या आणि बाकीच्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) वापरा. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेणं परवडत नाही आणि गरजही नाही.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. फिल्टर डोळ्याला काळा दिसतो म्हणून त्यातून किंवा फिल्टर लावलेल्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही पाहू नका. काळोख वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न दिसणारे किरण थेट आत पडद्यावर जातात. वेदनाही होत नाही, त्यामुळे इजा होताना कळत नाही.

कुठे आणि कधी

महाराष्ट्रात यासाठी सर्वांत उत्तम काळ म्हणजे पाऊस उघडल्यापासून साधारण डिसेंबरपर्यंतचा. गवत हिरवं असतं, हवा धुतलेली असते आणि आकाशात कापसाचे सुटे ढग असतात. ऐन आषाढात दाट ढगांखाली इन्फ्रारेड फोटो मळकट आणि सपाट येतो. एप्रिल-मे मध्ये डोंगरावरचं वाळलेलं गवत फारसं उजळत नाही, पण आमराई, फणस, वड, चिंच यांची पानं तेव्हाही पांढरी येतात. वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा.

आपल्याकडे एक नशिबाची गोष्ट आहे, ती म्हणजे काळा पाषाण. बेसॉल्ट इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. त्यामुळे हेमाडपंती मंदिर, घाटाच्या पायऱ्या, किल्ल्याचा बुरूज आणि त्याला वेढून असलेली झाडी असा विषय घेतला की दगड काळा आणि झाडी पांढरी असं नाट्य आपोआप उभं राहतं. बुरुजाच्या सांध्यांत उगवलेलं गवत तर चुन्याने रेघा ओढाव्यात तसं येतं. कोकणातला जांभा मात्र उजळतो, तिथे भिंत आणि झाड यांतला फरक कमी होतो. तिथे मी विषय म्हणून माडांची रांग आणि आकाश घेतो.

पाणी इन्फ्रारेड शोषतं, म्हणून संथ, नितळ तळं काळं येतं. गढूळ नदी तशी येत नाही, ती करडी राहते. लांबचे डोंगर हवेतल्या विरळ धूसरपणातून जास्त स्पष्ट दिसतात, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश कमी विखुरतो. दाट धुक्यापुढे मात्र काही चालत नाही. आणि फुलांच्या पठारावर हा फिल्टर घेऊन जाऊ नका. पाकळ्याही पांढऱ्या, पानंही पांढरी, सगळा रंगसोहळा एकसारखा होऊन जातो.

माणसांचे फोटो काढता येतात, कातडी दुधाळ आणि डोळे गडद येतात. काही पातळ कृत्रिम कापड इन्फ्रारेडला थोडं पारदर्शक असतं, त्यामुळे कुणाचाही असा फोटो त्या व्यक्तीला हे नीट सांगून, तिच्या संमतीनेच काढावा.

प्रत्यक्ष फोटो काढताना

क्रम महत्त्वाचा आहे, कारण डीएसएलआरवर फिल्टर चढवला की व्ह्यूफाइंडर काळा होतो.

ट्रायपॉड घट्ट लावा. फिल्टर न लावता चौकट ठरवा. फाइल रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) ठेवा. मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) २००, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). हे एफ/८ मी विचार करून सांगतो आहे: इन्फ्रारेडमध्ये फोकस सरकतो, ती चूक डेप्थ ऑफ फील्डने, म्हणजे फोकसच्या पुढेमागे स्पष्ट येणाऱ्या पट्ट्याने, झाकली जाते. एफ/११ च्या पुढे मात्र जाऊ नका. तरंगलांबी मोठी असल्याने तिथे फोटो लवकर मऊ पडतो.

आता फोकस. जवळजवळ प्रत्येक लेन्समध्ये इन्फ्रारेड प्रकाश दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा मागे एकत्र येतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या खुणेशेजारी एक लाल ठिपका किंवा रेघ असते, ती याचसाठी. नेहमीसारखा फोकस करा, मुख्य खुणेसमोर आलेलं अंतर वाचा आणि ते अंतर लाल खुणेसमोर आणून ठेवा. खूण नसलेल्या लेन्सवर आधी ऑटोफोकस करून मॅन्युअलवर टाका, मग रिंग किंचित जवळच्या अंतराकडे फिरवा. किती, हे प्रत्येक लेन्सचं निराळं. मी एका दुपारी कुंपणाच्या खांबांची रांग घेऊन, रिंग केसभर फिरवत आठ फोटो काढले, घरी मोठे करून पाहिले आणि जो खणखणीत होता त्या जागी रिंगवर पांढऱ्या रंगाचा बारीक टिंब दिला. तेव्हापासून त्या लेन्सवर चूक झालेली नाही. मिररलेस कॅमेरा असेल तर फिल्टर लावूनही भर उन्हात स्क्रीनवर काहीतरी दिसतं; फोकस फिल्टरमधूनच करा, म्हणजे हा हिशेबच उरत नाही. डीएसएलआरच्या लाइव्ह व्ह्यूमध्येही प्रयत्न करून पाहा, कारण तिथे फोकस सेन्सरवरच होतो.

फोकस पक्का झाला की फिल्टर हलक्या हाताने चढवा, रिंग हलू देऊ नका. व्ह्यूफाइंडरवर झाकण किंवा काळं कापड टाका. लांब एक्सपोजरमध्ये तिथून उजेड आत शिरतो आणि फोटोवर फिकट पट्टा उमटतो. लेन्सहूड लावा. लेन्सवरचे थर दिसणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेले असतात, इन्फ्रारेडमध्ये चकाकी लवकर येते.

पहिला फोटो १५ सेकंदांचा काढा, दोन सेकंदांचा टायमर किंवा केबल रिलीज वापरून. कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका, त्याला या प्रकाशाची सवय नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर वेळ कमी करा, मधेच संपली असेल तर वाढवा. माझ्या वडाच्या फोटोला १३ सेकंद लागले. कडक काच असलेल्या कॅमेऱ्यावर आयएसओ ४०० घेऊनही ३० सेकंद लागू शकतात. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले कण कमी करणारी सोय) चालू असेल तर कॅमेरा तितकाच वेळ पुन्हा थांबेल, त्याला थांबू द्या.

वारा हा मोठा प्रश्न. पंधरा सेकंदांत फांद्या डुलल्या की पानांचा कापूस होतो. कधी ते फार सुंदर दिसतं, खोड स्थिर आणि भोवती पांढरा धूर. तसं नको असेल तर जाड खोडाची, कमी डुलणारी झाडं निवडा किंवा झुळूक थांबण्याची वाट पाहा.

मधोमध पांढरा डाग

फोटोच्या बरोबर मध्ये फिकट गोल दिसला तर तो हॉट स्पॉट. तो लेन्सच्या आतल्या परावर्तनामुळे येतो आणि महाग लेन्सलाही येतो. अ‍ॅपर्चर लहान केलं की तो अधिक ठळक होतो. एफ/५.६, ८, ११ आणि १६ वर मोकळ्या आकाशाचे चार फोटो काढून आपल्या प्रत्येक लेन्सची परीक्षा घ्या. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स अनेकदा यात उत्तम निघते.

लाल फाइलचं काय करायचं

स्क्रीनवर फोटो रक्तासारखा लाल दिसेल. घाबरू नका, तो तसाच असतो. जागेवरच एक सोपं काम करा: फिल्टर लावलेला असताना उन्हातल्या हिरव्या गवताने पूर्ण चौकट भरून एक फोटो काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) सेट करा. काही कॅमेरे ते नाकारतात. तसं झालं तर तो गवताचा फोटो नुसता जपून ठेवा, घरी उपयोगी पडतो.

घरी लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की नवशिके बहुतेक इथेच अडतात. व्हाइट बॅलन्सची तापमानाची (टेंपरेचर) पट्टी २००० पर्यंत ओढली तरी फोटो लालच राहतो, कारण पट्टी तिथे संपते. उपाय असा: फाइल डीएनजीमध्ये (रॉ फाइलचाच एक प्रकार) बदला, अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये उघडा, कलर मॅट्रिसेसमध्ये टेंपरेचर उणे १०० करा आणि ते प्रोफाइल जतन करून लाइटरूममध्ये निवडा. हे एका कॅमेऱ्यासाठी एकदाच करायचं. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एवढंही लागत नाही, व्हाइट बॅलन्समध्ये गवताचा तुकडा निवडला की झालं. कॅनन आणि निकॉन यांची स्वतःची सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातला कस्टम व्हाइट बॅलन्स मानतात, तोही सरळ मार्ग आहे.

बॅलन्स झाल्यावर पानं निळसर-पांढरी आणि आकाश विटकरी दिसेल. आकाश निळं हवं असेल तर फोटोशॉप किंवा गिंपमध्ये चॅनल मिक्सर उघडा (चॅनल म्हणजे फोटोतला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकेक थर). लाल चॅनलमध्ये लाल शून्य, निळा १००. निळ्या चॅनलमध्ये निळा शून्य, लाल १००. हिरव्याला हात लावू नका. विटकरी आकाश क्षणात निळं होतं. पहिल्यांदा ते घडताना पाहण्याचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

तरीही मी स्वतः दहातले आठ फोटो कृष्णधवलच करतो. साध्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये निळ्या चॅनलला प्रकाश फार कमी मिळालेला असतो, तो कणीदार असतो. रंगीत फोटोत ते जाणवतं. कृष्णधवल करताना लाल चॅनलचा वाटा जास्त ठेवा, मग काँट्रास्ट वाढवा. झाडांच्या पांढऱ्यात शिरा आणि घड दिसत राहतील इतपतच उजळवा. पूर्ण पांढरं केलंत तर पानांचा पोत जातो आणि कागदावर छापल्यावर ते फार खटकतं.

कॅमेरा कन्व्हर्ट करायचा ठरवलात तर

एक हंगाम झाला, ओढ टिकली आणि हातात धरून, वाऱ्यात, माणसांमध्ये फोटो काढावेसे वाटू लागले, की मग कन्व्हर्जनचा विचार करा. यात सेन्सरपुढची हॉट मिरर काढून तिथे ७२० किंवा ८५० ची काच बसवतात. शटर मग नेहमीसारखं सेकंदाच्या शंभराव्या, दोनशेव्या भागात चालतं. दुसरा प्रकार फुल स्पेक्ट्रमचा: तिथे पारदर्शक काच बसते आणि कुठला फिल्टर लावायचा ते तुम्ही दरवेळी ठरवता. हा प्रकार मिररलेसवर घ्या. डीएसएलआरवर पुढे फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडर पुन्हा काळाच.

जुना, वॉरंटी संपलेला मिररलेस यासाठी सर्वांत योग्य, कारण त्याचा फोकस आणि मीटर दोन्ही सेन्सरवरूनच चालतात. काही मिररलेसमध्ये शटरवर लक्ष ठेवायला आतच इन्फ्रारेड एलईडी असतो आणि त्याचा उजेड फोटोत उतरतो; तुमच्या मॉडेलबद्दल काम करणाऱ्याला हे आधी विचारा. नवी काच मूळ काचेच्या जाडीची आहे का, डीएसएलआर असेल तर ऑटोफोकस इन्फ्रारेडसाठी जुळवून देणार का, आणि धूळ झटकणारी यंत्रणा चालू राहणार का, हे तीन प्रश्नही विचारून घ्या. घरी स्वतः कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही जोराचा झटका बसेल इतका भार शिल्लक असू शकतो.

पाठवण्याआधी बॅटरी, कार्ड आणि पट्टा काढून ठेवा, सेन्सरवर डाग असतील तर एफ/१६ वर आकाशाचा एक फोटो काढून जतन करा. कॅमेरा परत आला की पहिल्याच दिवशी तसाच फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, म्हणजे नव्या काचेखाली धुळीचा कण अडकला असेल तर लगेच कळतं.